दुष्काळाने बांधलेला किनारा

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरून कोकणात गेल्याशिवाय इथल्या माणसाला खारे पाणी भेटत नाही. तरीही खाडीच्या चिखलात चोच खुपसून पोट भरणारे पक्षी हिवाळ्यात या जिल्ह्यांमध्ये उतरतात: शेकाट्या, तुतवार, पाणटिवळा, चमचा आणि रोहित. आणि ते उतरतात कुठे, तर पश्चिमेकडच्या हिरव्या, ओल्या तालुक्यांत नव्हे. माण, खटाव, खानापूर, आटपाडी या सगळ्यांत कोरड्या पट्ट्यात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शे-सव्वाशे किलोमीटरवर म्हसवड-आटपाडीच्या माळावर तो पाचशेच्या आसपास येतो, आणि अनेक वर्षी तेवढाही येत नाही. अशा मुलखात पाणपक्षी आले कसे, याचे उत्तर पक्ष्यांच्या पुस्तकात कमी आणि दुष्काळाच्या इतिहासात जास्त सापडते.

तळी होण्यापूर्वी हा मुलूख माळपक्ष्यांचा होता. चंडोल, पखुर्डी, लावे, तितर, धाविक आणि माळढोक ही इथली मूळ वस्ती. या पक्ष्यांची पहिली शास्त्रीय यादी केली ती कर्नल विल्यम हेन्री साइक्स या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने. मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करणे हे त्याचे काम. पक्षी हा जोडीचा उद्योग. पेशवाई संपून पंधरा वर्षेही झाली नव्हती, तेव्हा, १८३२ मध्ये, त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनमध्ये छापून आली. दोनशेहून अधिक जाती त्यात होत्या, आणि कित्येकांचे शास्त्रीय वर्णन प्रथमच होत होते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावतळ्याच्या काठावर खांदे पाडून उभी असणारी ढोकरी शास्त्राच्या वहीत चढली ती याच यादीतून. एका रातव्याला साइक्सने ‘मराठेन्सिस’ म्हणजे मराठी मुलखातला असे नाव दिले. मोठ्या करड्या सातभाईला मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याचे नाव लावले. गव्हर्नरसाहेबाला त्या कलकलाटात आपले काय दिसले असेल, हा प्रश्न वेगळा.

त्या काळात पक्षी पाहणे आणि पक्षी मारणे या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. हातात घेऊन, चोच-पंख मोजून, कातडे भरून ठेवल्याशिवाय नोंद खरी मानली जात नसे. छंद म्हणून मारणारे निराळेच. मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रजाने अहमदनगर भागात १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. सातारा, औंध, फलटण, सांगली, मिरज, जत या संस्थानांच्या मुलखातही शिकार हा मानाचा खेळ होता. माळावरच्या लाव्या-तितरांवर मात्र फासेपारध्यांचे पोट होते. केसांचे फास रांगेने लावायचे, आवाज काढून पाखरू त्या बाजूला वळवायचे आणि जिवंत धरून बाजारात न्यायचे. कुठला लावा कुठल्या महिन्यात कुठल्या बांधाला येतो हे साहेबाच्या यादीपेक्षा त्यांना नेमके ठाऊक होते. त्याची वही कोणी केली नाही.

१८७० नंतर अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूमच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकामुळे अशा नोंदींना हक्काची जागा मिळाली. काँग्रेसच्या स्थापनेसाठी ओळखला जाणारा ह्यूम तो हाच. त्यात १८७६ साली अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड फेअरबँक यांची यादी आली. खंडाळा, महाबळेश्वर आणि बेळगाव अशी सह्याद्रीची धार, आणि जोडीला अहमदनगरचा माळ, असा तिचा आवाका होता. सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या पक्ष्यांची ही सुरुवातीची महत्त्वाची नोंद. चार वर्षांनी, १८८० मध्ये, सनदी अधिकारी जी. डब्ल्यू. विडाल याने दक्षिण कोकणच्या पक्ष्यांची यादी त्याच नियतकालिकात छापली. घाटाखालचा समुद्रगरुड, कुरव, सुरय, चिखलात चालणारे पक्षी हे सगळे त्यात आले. म्हणजे घाटमाथा आणि किनारा यांच्या याद्या झाल्या. पूर्वेकडचा दुष्काळी माळ पाणपक्ष्यांच्या हिशेबात कोराच राहिला, कारण तिथे मोजण्याजोगे पाणीच नव्हते. ते येऊ लागले होते, आणि मोठी किंमत घेऊन.

१८७६ चा पावसाळा दख्खनला दगा देऊन गेला. पुढची दोन वर्षे चाललेल्या त्या दुष्काळात दक्षिण आणि पश्चिम भारतात लाखो माणसे मेली. सरकारने मदतीची कामे काढली: खडी फोडणे, रस्ते, तलाव. माण नदीवरचा म्हसवडचा, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला राजेवाडीचा तलाव, येरळेवरचा नेरचा तलाव आणि मायणीचा तलाव ही त्या उपाशी काळातली कामे. म्हसवडचा तलाव तर आज सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या सीमेजवळ येतो. त्या काळी सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. १९४९ मध्ये साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. पक्ष्यांच्या दृष्टीने हा पट्टा आजही एकच आहे.

या भिंती माणसांनी डोक्यावर पाट्या वाहून रचल्या. मुंबई सरकारने दिलेली मजुरी वरिष्ठांना सढळ वाटली, तेव्हा पाहणीसाठी आलेल्या सर रिचर्ड टेंपलच्या मापाने ती खाली आणण्यात आली: दिवसाला पौंडभर धान्य आणि वर किरकोळ पैसे. दिवसभर माती वाहणाऱ्याला ते पुरणारे नव्हते. १८७७ च्या जानेवारीत मुंबई इलाख्याच्या दख्खन भागात मजुरांनी कामे सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उपाशी माणसांनी पुकारलेल्या त्या असहकाराची आठवण तलावाच्या भिंतीवर कुठे कोरलेली नाही. दगडी सांडवा तेवढा अजून शाबूत दिसतो.

तलाव शेतीसाठी होते. पक्षी त्यात न बोलावता आले. माणदेशातली तळी भरतात ती बहुधा परतीच्या पावसात, सप्टेंबर-ऑक्टोबरात. नदीबरोबर उघड्या माळाची माती वाहून येते आणि तळाशी बसते. दरवर्षी थोडी, पण शंभर वर्षे. सिंचन खात्याच्या दृष्टीने हा तोटा, कारण तलाव उथळ होतो. पक्ष्यांच्या दृष्टीने हीच लागवड. हिवाळ्यात पाणी हटू लागले की काठाला गुडघाभर पाण्याचा आणि मऊ गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्यात किड्यांच्या अळ्या, शंख, बारीक कवचधारी जीव आणि शेवाळ असते. ओहोटीला खाडीचा जो चिखल उघडा पडतो त्याचेच हे गोड्या पाण्यातले रूप; फरक एवढाच की इथली ओहोटी दिवसात दोनदा न येता वर्षातून एकदा, ऑक्टोबर ते मेपर्यंत सावकाश चालते.

रोहित हा या चिखलाचा खरा गिऱ्हाईक. फ्लेमिंगो, अग्निपंख अशीही नावे त्याला आहेत. तो मान खाली घालून चोच उलटी पाण्यात बुडवतो, जिभेने पाणी आत ओढतो आणि चोचीच्या काठावरच्या झालरीतून गाळून बाहेर टाकतो. अन्न तेवढे आत राहते. त्यासाठी पाणी हवे, पण पाय टेकतील एवढेच. पंखांचा लाल-गुलाबी रंगही खाण्यातूनच येतो. भारतात त्याची मोठी वीण कच्छच्या रणात होते, आणि तिथली वसाहत पांगली की थवे दक्षिणेकडे पाण्याच्या शोधात हिंडतात. मायणीचे नाव मराठी वर्तमानपत्रांत गाजले ते याच पक्ष्यामुळे.

बाकीचे पाहुणे संख्येने जास्त आणि कौतुकाला कमी. थापट्या, तलवार बदक, गडवाल, चक्रवाक उत्तरेकडून येतात. पट्टकदंब हा हंसाच्या कुळातला पक्षी तिबेट आणि मंगोलियाच्या पठारांवर वीण घालून हिमालय ओलांडतो आणि खटावमधल्या सूर्याचीवाडीसारख्या लहानशा तळ्यावर येऊन बसतो. डोक्यामागच्या दोन काळ्या पट्ट्यांनी तो लांबूनही ओळखू येतो. दिवसा पाण्यावर आणि पहाटे-संध्याकाळी हरभऱ्या-ज्वारीच्या रानात चरायला, असा त्याचा दिनक्रम असल्याने शेतकऱ्याला तो पाहुणा वाटेलच असे नाही.

१९७२ च्या दुष्काळाने दुसरी भर घातली. पुन्हा खडी, पुन्हा माती, या वेळी ‘सुकडी’ खाऊन. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रभर पसरली ती याच वर्षांत, आणि तिचा कायदा १९७७ मध्ये झाला. या कामांतून गावोगाव पाझर तलाव निघाले. येरळेवरचे येरळवाडीचे धरणही त्याच दशकातले. पक्ष्यांच्या नकाशावर त्यामुळे मोठा बदल झाला. आधी दोन-चार तळी होती, आता ठिपक्यांची माळ झाली. एक आटले तर दुसरे हाताशी. त्याच १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि बंदुकीचा अधिकृत काळ संपला.

दुर्बिणीचा काळ त्याआधीच सुरू झाला होता, पण इंग्रजीत. सलीम अली यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ १९४१ साली निघाले आणि शहरातल्या हौशी माणसाला पक्षी न मारता ओळखता येऊ लागला. खेड्यातल्या मराठी वाचकापर्यंत हे वेड पोचायला ललित लेखकच लागले. आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर शिकारीकडून निरीक्षणाकडे वळले आणि रानातली पाखरे त्यांच्या गद्यात आली. ‘बनगरवाडी’ने माणदेशचा दुष्काळ मराठी साहित्यात नेला, त्याच मातीतल्या लेखकाने पुढे हातात दुर्बीण धरावी, हे ओघाने आले. सोलापूरचे मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत पारधी, कोळी, धनगर, गोंड यांच्याकडून पक्ष्यांची देशी नावे गोळा केली आणि ‘पक्षिकोशा’त घातली. नावांचा हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. वर्गात इंग्रजी नाव पाठ केलेले पोर तळ्यावर गप्प बसते. ‘वारकरी’ म्हटले की काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या कपाळाचा पक्षी कोणता ते त्याला चट्कन लागते, कारण बुक्का आणि गोपीचंदन त्याने घरात पाहिलेले असते.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून महाराष्ट्रात पक्षिमित्रांची संमेलने भरू लागली. विखुरलेले शिक्षक, डॉक्टर, बँकेतले कारकून, महाविद्यालयीन मुले एकमेकांना ओळखू लागली. १९८७ पासून आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होऊ लागली आणि हौसेला वही मिळाली. सातारा, कराड, सांगली, विटा या गावांतून शनिवार-रविवारी निघणारे गट मायणी-येरळवाडीकडे वळले ते याच सुमारास आणि नंतरच्या काळात. भिगवणच्या उजनी जलाशयावर रोहितांचे मोठे थवे दिसू लागल्यावर पुण्या-मुंबईची गर्दी तिकडे गेली, हे मायणीच्या पथ्यावरच पडले म्हणायचे.

अशा गटाचा दिवस ठरलेला असतो. अंधारात निघायचे, उजाडताना भिंतीवर पोचायचे. सात-आठ माणसांत तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण एकच, बाकीच्यांच्या गळ्यात लहान. डिसेंबरात दंव एवढे असते की काचेवर धुके धरते आणि सदऱ्याच्या टोकाने पुसून ती आणखी मळते. सूर्य पाठीशी घ्यायचा, म्हणजे पक्ष्याचा रंग दिसतो. समोर घेतला की सगळे काळे. मोजणीची पद्धत अशी: थव्याच्या एका टोकाचे दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढ्या जागेचा घास डोळ्यांत पकडायचा, मग शंभराचा घास, आणि तो पुढे टाकत जायचा. दोघे मोजतात, तिसरा लिहितो. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर पुन्हा. तेवढ्यात भोवत्या वरून गेला की सगळे पाणी उठते आणि हिशेब पहिल्यापासून.

हवा बिघडली की खेळ बदलतो. कोकणात उतरणाऱ्या पक्षिमित्रांना हा अनुभव जास्त तीव्र येतो. वारा सुटला की कुरव आणि सुरय पाणी सोडून वाळूवर एका दिशेला तोंड करून बसतात. मोजायला सोपे, ओळखायला अवघड, कारण पंख मिटलेले असतात. वादळ मोठे असेल तर भर समुद्रातले, एरवी किनारा न पाहणारे पक्षी थकून वाळूवर येतात. मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळानंतर पश्चिम किनाऱ्यावर हे दिसले. माणदेशात एवढे नाट्य नसते. तिथे ढगाळ हवा म्हणजे मळभ, पश्चिमेचा भणाण वारा आणि तळ्यावर उभ्या राहणाऱ्या बारीक लाटा. लाटांत बदक दिसते आणि हरवते. तिकाटणे थरथरते, वहीचे पान उडते, आणि पक्षी भिंतीच्या आडोशाला, नेमके माणसांच्या पायाखाली, येऊन बसतात. अवकाळीच्या सरीत प्लॅस्टिकची पिशवी आधी दुर्बिणीवर जाते, मग डोक्यावर.

पण या तळ्यांचे भवितव्य एका दिवसाच्या हवेने ठरत नाही, वर्षाच्या हवेने ठरते. आणि तिथे वाईट हवा दोन्ही बाजूंनी येते. पाऊस चुकला तर तळे जानेवारीतच तडकते. २०१२-१३ सारख्या दुष्काळी वर्षांत माण-खटावमध्ये चारा छावण्या उभ्या राहिल्या. तळ कोरडा पडला की त्यात गाळपेर होते, विहिरी खणल्या जातात, पंपाचे पाइप उरलेल्या डबक्यापर्यंत जातात. पक्षी येतात, घिरटी घालतात आणि जातात. पाऊस अति झाला तरी रोहिताला ते सोयीचे नसते. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याने सोलापूर आणि त्याच्या शेजारच्या भागाला झोडपले. असे वर्ष आले की तळी काठोकाठ भरतात, गावकरी सांडव्यावर नारळ फोडतात, आणि उथळ पट्टा पाण्याखाली गेल्याने चिखलातल्या पक्ष्यांना पाय टेकायला जागा उरत नाही. ज्या वर्षी माणदेशचा शेतकरी समाधानी, त्या वर्षी पक्षिमित्र हात हलवत परत, असा हा जरा अवघड व्यवहार आहे.

सांगलीच्या नदीकाठची गोष्ट उलट आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. अशा पुरात काठचे वाळूचे पट्टे, मळीच्या जमिनी आणि दरडी घासून निघतात. नदी सुरय वाळूच्या बेटांवर अंडी घालतो, खंड्या आणि वेडा राघू काठाच्या मातीत बिळे खणतात. त्यांच्यासाठी पूर हा नवी दरड कापून देणाराही असतो आणि नेणाराही. वाळूउपसा मात्र नुसता नेतोच.

गेल्या काही वर्षांत नवी गोष्ट घडते आहे. टेंभू, उरमोडी, जिहे-कठापूर या उपसा योजनांचे पाणी कृष्णा खोऱ्यातून उचलून दुष्काळी तालुक्यांत येऊ लागले. पावसाशी बांधलेली तळ्यांची भरती-ओहोटी आता पंपांच्या वेळापत्रकाशीही बांधली गेली. उन्हाळ्यात पाणी चढू शकते, हिवाळ्यात उतरू शकते. दुसरीकडे ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून गाळ रानात जातो. शेताला तो सोन्यासारखा, आणि तळ्याची पाणी धरण्याची ताकदही वाढते. पण शंभर-दीडशे वर्षांत साचलेला उथळ काठ त्याबरोबर जातो. दोन्ही योजनांना विरोध करण्याची सोय पक्षिमित्रांना नाही, आणि तहानलेल्या गावात ती असूही नये. मागणी होते ती एवढीच, की निदान एका बाजूचा उथळ काठ तसाच ठेवावा.

शासनाने २०२१ मध्ये मायणी आणि आसपासची तळी मिळून पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले. मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी, कानकात्रे ही नावे त्यात आहेत आणि क्षेत्र सुमारे ८६६ हेक्टर आहे. एकच तळे न धरता गुच्छ धरला, ही यातली शहाणपणाची गोष्ट. त्याच्या आधीच्या वर्षी, २०२० पासून, ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह शासकीय झाला. पहिली तारीख चितमपल्लींच्या जन्माची, शेवटची सलीम अलींच्या. शाळांच्या सहली आता त्या आठवड्यात तळ्यांवर येतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रोहित बहुधा आलेले नसतात, त्यामुळे मुलांच्या वहीत पहिले नाव हळदी-कुंकू बदकाचे आणि दुसरे टिबुकलीचे पडते.

राखीव क्षेत्राच्या या मांडणीने गणनेची रीतही बदलायला लावली आहे. मायणीच्या काठावर कुत्रे धावले किंवा मासेमारीची होडी आत शिरली की उठलेला थवा थोड्याच वेळात येरळवाडीला उतरतो, आणि तिथे उभा असलेला माणूस तोच थवा नव्याने मोजतो. म्हणून मोजणी करायची तर सगळ्या तळ्यांवर एकाच सकाळी, एकाच ठरलेल्या वेळी, प्रत्येक भिंतीवर निदान दोन माणसे ठेवून करावी लागते. थवा उठला तर किती वाजता आणि कुठल्या दिशेला गेला ते आकड्याशेजारी लिहावे लागते, आणि संध्याकाळी सगळ्या वह्या शेजारी मांडून दुबार आलेले थवे खोडावे लागतात.